मारुतीच्या देवळातलं मतदान केंद्र

मंडळी, इलेक्शन ड्यूटी संपवून आत्ताच बारामतीला परतलोय. घरी बसवेना, म्हणून कॉलेजच्या लॅबमधून तुम्हा सगळ्यांना ही मेल पाठवतोय.

इंदापूर तालुक्यातल्या एका वाडीत मी केंद्राध्यक्ष होतो. शाळेचे पत्रे वाऱ्यानं उडालेले, म्हणून मतपेटी मारुतीच्या देवळात, सभामंडपात ठेवली होती.

दुपारी दलित वस्तीतली एक म्हातारी आली आणि पायरीखालीच थांबली. "सायेब, पेटी भायेर आणा की. आमी कधी वर चढलो न्हाय."

पेटी हलवता येत नाही, हा नियम. मंडपात बसलेले गावातलेच दोन पोलिंग एजंट मतदारयादी चाळू लागले. मीच खाली उतरलो. म्हणालो, "आजी, आज हे देऊळ नाही, सरकारी केंद्र आहे. या तुम्ही."

ती चपला काढून, भिंतीला धरून चढली. बोटाला शाई लावून घेतली, शिक्का मारला, मतपत्रिका पेटीत टाकली. मग गाभाऱ्याकडं बघत उभी राहिली. सारा जन्म त्याच गावात काढून तिनं तो मारुती पहिल्यांदा पाहिला होता.

निघताना म्हणाली, "आज सरकारचं हाय म्हणून आले. उद्या पेटी गेल्यावर येऊ का, सायेब?"

एजंटांनी माना खाली घातल्या. आणि मी? मी यादीवर बोट ठेवून पुढच्या मतदाराचं नाव पुकारलं.

'या' म्हणालो असतो आणि उद्या तिला कुणी पायरीवरून ढकललं असतं तर? म्हणून गप्प बसलो, असं स्वतःला समजावतोय. पटत नाही.

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?