जोर कुठे द्यायचा

मी आठवीतून शाळा सोडली, म्हणजे सोडायला लावली, आणि लग्न होऊन साखरखेर्ड्याला आले. सासऱ्यांसमोर आवाज वर जायचा नाही, ही तिथली पहिली शिकवण. ते ओसरीवर असले की आम्ही जावा भांडीसुद्धा वाजू द्यायचो नाही. आता आम्ही दोघं इटलीत असतो; नवरा एका गोठ्यावर दूध काढतो आणि मी एका म्हातारीचं घर सांभाळते. इथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात कायमची जागा निघाली होती. इटालियन भाषेचं प्रमाणपत्र तेवढं पाहिजे होतं.

म्हातारी पूर्वीची शिक्षिका. मला आपणहून शिकवायला बसली. क्रियापदाचे तुकडे पाडायची आणि जोर येईल तिथे टेबलावर चमचा आपटायची. लाव्हो, मी धुते. ला-व्हा-नो, ते धुतात, जोर 'ला'वरच. पण ला-व्हिया-मो, आम्ही धुतो, म्हटलं की जोर सरकून 'व्हिया'वर. माझं सगळं सपाट यायचं. "पोरी, पोटातून म्हण," ती म्हणायची. हळूहळू जमलं. घरी घोकायला लागले की नवरा हसायचा.

"काऊन वं, कोनाले हाका मारून राह्यली?"

"परीक्षा हाये मले."

"तुह्या तोंडातून 'हाव' का 'नाई' तरी निंघते का कधी?"

परीक्षेला समोर पांढऱ्या केसांचा माणूस, सासऱ्यांच्या वयाचा. त्यानं विचारलं, सकाळी घरातली माणसं काय काय करतात? सगळं येत होतं. पण नजर आपोआप खाली गेली, हात खांद्याशी पदर शोधायला लागला. अंगात होता स्वेटर. धुतात, रांधतात, झाडतात, सगळं सांगितलं, ओठातल्या ओठात. जोर कुठला ऐकू येणार? "बाई, जरा मोठ्यानं," तो पुढे वाकून म्हणाला. मोठा माणूस रागावला असं वाटून मी आणखीच हळू बोलले.

लेखी पास, तोंडी नापास. जागा दुसरीला गेली. म्हातारीला कळेचना. "माझ्यापुढे तर ओरडायचीस!" तिचे इतके उपकार, तरी खरं कारण तिला सांगितलं नाही. लाज वाटली. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "जाऊ दे माय, घर सांभाळ." आमची सून तोंड वर करून बोलत नाही, हे त्या अजून चार बायांत कौतुकानं सांगतात. त्या कौतुकानं माझी नोकरी खाल्ली.

परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरलाय. नवऱ्याला सांगितलेलं नाही. समोर परत तसाच कोणी बसला तर, या भीतीनं आत्तापासूनच जेवण जात नाही.