बुजवलेला पाणवठा

हसनाबादजवळच्या डोंगरावर पाखरांसाठी भरून ठेवलेल्या पाण्यात एके दिवशी कुणीतरी विष कालवले. तितर खायला नेले. बुलबुल आणि चिमण्या तिथेच पडून राहिल्या.

पाणवठा म्हणजे खडकातला परातीएवढा खळगा. शेळ्या राखणारा एक म्हातारा उन्हाळाभर खांद्यावरून कॅन आणून तो भरायचा. मी त्याला मामा म्हणायचो. नाव कधी विचारले नाही. पाणी ओतले की तो त्यात एक काटकी तिरपी ठेवायचा, पिल्लू पडलेच तर चढून यावे म्हणून. पाखरांचे फोटो काढायला मी झुडपाआड कॅमेरा लावून बसलो की तो हसायचा.

"सर, तुमचा रोल संपस्तोर तितर म्हातारं व्हईल."

त्या दिवशी त्याने सगळे पाणी डब्याने उपसले आणि खळग्यात दगडमाती भरायला घेतली.

मी म्हणालो, "मामा, धुऊन पुन्हा भरू. मी राखणीला बसतो."

"किती दिवस बसताल, सर? हितं पाणी हाय, हे पाखरांला मीच शिकवलं."

दुपारी तितराची एक मादी पिल्लांना घेऊन आली. दगडांभोवती फिरली, चोच उघडी ठेवून थांबली. मामाजवळ भरलेला कॅन होता. त्याचा हात झाकणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. ती निघून गेल्यावर त्याने ते पाणी शेळ्यांना पाजले.

त्याने पाखरांना विषापासून वाचवले की तहानेवर सोडले, हे मला आजही सांगता येत नाही. त्यानंतर तो मला भेटला नाही. उन्हाळ्यात त्या डोंगरावर आता पाणी नसते.