एल्डन पिंकहॅमच्या बोयावरची गाठ

सीलच्या खडकापाशी एल्डन पिंकहॅमने आकडी टाकून सापळ्याच्या दोरावरचा आपला तरंगता बोया होडीत ओढला आणि पुढचं काम विसरून तो नुसता बघत उभा राहिला.

बोया त्याचाच होता. हिरवा, मधोमध पांढरा पट्टा. त्याच्या बापाचे रंग. हॅकेट्स कोव्हच्या या लहानशा बंदरात माणूस आधी बोयाच्या रंगाने ओळखला जातो, मग तोंडाने. पण बोयाच्या वर जी लाकडी दांडी असते, तिच्याभोवती कुणीतरी त्याच्याच दोराचे दोन फास घट्ट आवळून ठेवले होते. समुद्र अशी गाठ मारत नाही. लाटा दोर गुंतवतील, पिळतील, पण दोन सारखे, शेजारी शेजारी, नीट बसवलेले फास माणसाच्याच हातचे.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या किनाऱ्यावर शेवंडी पकडणारं शेंबडं पोरही या गाठीचा अर्थ सांगेल. तू चुकीच्या जागी आहेस, ऊठ. आता नुसती गाठ मारली आहे, पुढच्या वेळी दोर कापू, मग सापळे समुद्राच्या तळाशी शोधत बस. सही नाही, चिठ्ठी नाही. आणि कुणी मारली असं विचारायचंही नाही. विचारणं म्हणजे आपण दुसऱ्याच्या जागेत घुसलो होतो हे चारचौघांत कबूल करणं. गाठ मिळाली की मुकाट्याने सापळे उचलायचे आणि परतायचं, एवढीच रीत.

एल्डनने स्वतः आयुष्यात अशा चार गाठी मारल्या होत्या. चारही बाहेरच्या बंदरांतल्या आगाऊ लोकांना. स्वतःला मिळालेली ही पहिलीच.

"अरे, पण मी जाऊ कुठे?" तो बोयालाच म्हणाला.

सीलच्या खडकाभोवती त्याचा बाप सापळे टाकायचा, बापाचा मामा टाकायचा. एल्डन अठराव्या वर्षापासून टाकत आला, आता सदुसष्ट पूर्ण झाली. ही जागा त्याची नसेल तर मग त्याचं नाव तरी त्याचं आहे का, इथपर्यंत विचार गेला. मग त्याने गाठ सोडली, सापळा वर ओढला, दोन चांगल्या शेवंडी टोपलीत टाकल्या, हेरिंग मासळीचं आमिष भरलं आणि सापळा परत सोडला. हात सवयीने चालले होते. डोकं मात्र त्या दांडीपाशीच अडकून पडलं होतं.

त्या दिवशी मंगळवार होता आणि मंगळवारी संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर सॉफ्टबॉल असतो. दोन्ही बाजूंना जुन्या बोयांची माळ लावून सीमा आखलेली, मागे खाडी, आणि कुंपणाशी एल्डनच्या बायकोची, ल्युएलाची, खाण्याची खिडकी. तळलेला हॅडक मासा पावात घालून, खेकड्याचं मांस लोण्यावर परतून, आणि जूनमध्ये रूबार्बच्या आंबट देठांचा, भट्टीत भाजलेला गोड 'पाय'. मॅच हरली तरी लोक येतात ते या खिडकीमुळे, असं ल्युएला म्हणते. मॅच जिंकली तर येतात ते माझ्यामुळे, असं एल्डन म्हणतो. पण गेल्या दोन वर्षांत त्याला हे म्हणायची फारशी संधी मिळालेली नव्हती.

एकतीस वर्षं एल्डन कोव्हचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. त्याचा चेंडू खालून सुटायचा, डोक्याच्या वर चांगला उंच जायचा, आभाळात थोडा विचार करायचा आणि मग बॅट्समनच्या पुढ्यात असा काही पडायचा की चांगला धिप्पाड माणूस हवेतच बॅट फिरवून गोल वळायचा. लोक टाळ्या वाजवायचे, एल्डन टोपी काढून वाकायचा. पडदा पडताना मुख्य नट वाकतो तसाच. आणि चेंडू पडायचा त्या जागी, बॅट्समनच्या पायाशी पुरलेल्या प्लेटमागे, त्याचा मेहुणा हार्लन स्प्रेग असायचा. हार्लन सत्तावीस वर्षं त्याचे चेंडू झेलत होता, खाली पडलेले वाकून उचलत होता.

त्या संध्याकाळी एल्डनने पहिल्यांदाच आपल्या माणसांकडे चोरून पाहिलं. यातला कोण?

बेंचवर वेंडेल क्राउली बसला होता. खडकाच्या उत्तरेला त्याचे सापळे, अगदी खेटून. वेंडेलने एल्डनला बघून मान हलवली. नेहमीपेक्षा कमी हलवली का?

"कप्तान, खांदा दुखतोय का?" ट्रिनाने विचारलं. ट्रिना बावीस वर्षांची, दुसऱ्या बेसवर खेळायची आणि मॅच नसताना शाळेच्या भिंतीवर तासन्‌तास चेंडू टाकत बसायची.

"माझा खांदा? खांद्याला काय धाड भरलीय?"

"काही नाही. दुखत असला तर सांगा, म्हटलं."

"दुखत नाही. कुणी सांगितलं दुखतो म्हणून?"

ट्रिना गडबडली. "कुणीच नाही. मी आपलं विचारलं."

हार्लन पाठ फिरवून आपले गुडघ्यांचे पट्टे बांधत बसला होता, फार वेळ. मग उठून एल्डनजवळ आला, तोंड उघडलं, एल्डनकडे बघितलं आणि म्हणाला, "ल्युएलाने या वेळी काकडीचं लोणचं जास्त गोड केलंय."

"हे सांगायला आलास?"

"हो. जरा गोड आहे." आणि तो जाऊन प्लेटमागे उभा राहिला.

पलीकडच्या बंदराच्या संघाने त्या दिवशी एल्डनचे चेंडू खाडीपर्यंत पोचवले. चौदा विरुद्ध पाच. एल्डनला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण त्याचं लक्षच नव्हतं. प्रत्येक चेंडू टाकताना तो वेंडेलकडे बघत होता.

रात्री जेवताना ल्युएला म्हणाली, "पाव तसाच ठेवलास. कुणी काही बोललं का तुला?"

"बोललं असतं तर बरं झालं असतं," एल्डन म्हणाला, आणि ताट सारून उठला.

बुधवारी त्याने वेंडेलच्या बाजूचे बारा सापळे उचलले आणि खडकाच्या दक्षिणेला नेऊन टाकले. लाज वाटत होती, धुकं होतं ते बरं झालं. गुरुवारी दक्षिणेच्या बोयावर गाठ. दोन फास, तसेच नीट. आता दक्षिणेला तर कुणाचंच काही नव्हतं. असलंच तर खडकावर ऊन खात पडणाऱ्या सील प्राण्यांचं. तरी त्याने तिथले सगळे सापळे उचलले आणि खडकापासून लांब, मऊ चिखलाच्या तळावर नेले, जिथे शेवंडी येतात त्या फक्त वाट चुकून. शुक्रवारी चिखलावरच्या बोयावरही गाठ होती. या वेळी फास तीन.

एल्डन होडीच्या कठड्यावर बसला. दोन फासांचा अर्थ त्याला ठाऊक होता. तीन फासांचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, कारण तीन कुणी मारतच नाही. म्हणजे समुद्रातूनच जा असं म्हणतात की काय ही माणसं? मग ती रोज धक्क्यावर हसून हात का करतात? आमिषवाल्याने काल त्याला ताजं हेरिंग आधी का दिलं? तो जितका विचार करी तितकं सगळं गाव त्याला एखाद्या नाटकासारखं वाटायला लागलं, ज्यात सगळ्यांना आपापली वाक्यं पाठ आहेत आणि आपल्याला मात्र कुणी संहिताच दिलेली नाही.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बीन्सचं जेवण होतं. शनिवारी दुपारनंतर उन्हाळ्यात कुणी सापळे ओढत नाही, त्यामुळे सगळं बंदर आंघोळ करून हजर असतं. मातीच्या मडक्यांत गुळाच्या काकवीवर रात्रभर भाजलेल्या बीन्स, वाफवलेला काळा पाव, लालभडक सॉसेजेस, कोबीची कोशिंबीर, आणि टोकाच्या टेबलावर गोड 'पाय'च्या रांगा. एल्डन, ल्युएला, हार्लन आणि ट्रिना एका टेबलाशी बसले होते, तेवढ्यात वेंडेल क्राउली हातात ताट घेऊन समोर येऊन उभा राहिला. बसेना.

"एल्डन," तो म्हणाला, "मी तुझं काय वाकडं केलंय?"

एल्डनचा चमचा हवेतच राहिला. "तू? माझं?"

"चाळीस वर्षं माझा दोर आणि तुझा दोर शेजारी आहेत. एकदा भांडण नाही. आणि बुधवारी तू बारा सापळे उचलून दक्षिणेला गेलास, मग चिखलात गेलास. माझ्या शेजारी राहण्यापेक्षा माणूस चिखलात जातो. बायको म्हणाली, जाऊन विचार. आता विचारतोय."

"म्हणजे तू नाहीस?"

"मी काय नाही?"

आता एल्डनपुढे दोनच वाटा होत्या. रीत मोडायची किंवा वेड लागू द्यायचं. "माझ्या बोयावर गाठ आहे," तो म्हणाला. "दोन फासांची. दोनदा. काल तीन फासांची."

शेजारच्या टेबलांवरचे काटे-चमचे थांबले. गाठीचं नाव उघड्यावर कुणी काढत नाही. वेंडेल हळूच खुर्ची ओढून बसला.

"सीलच्या खडकावर? तुला?" तो म्हणाला. "कुणाचं डोकं फिरलंय?"

"माझं," हार्लन म्हणाला.

तो ताटात बघत होता. बीन्स एकीकडे सारत होता, मग दुसरीकडे.

"तू?" एल्डन म्हणाला. "तुझे सापळे तर बंदराच्या दुसऱ्या टोकाला. खडकावर तुझं काय आहे?"

"काही नाही."

"मग चिखलात काय आहे?"

"चिखलात कुणाचं काय असणार? तू जिथे जाशील तिथे मी मागे येत होतो. मला वाटलं, कळेल तुला."

"काय कळेल?"

हार्लनने ट्रिनाकडे पाहिलं. ट्रिनाने एकदम कोबीच्या कोशिंबिरीत लक्ष घातलं.

"मैदानाचं," हार्लन म्हणाला. "मधली जागा, तू चेंडू टाकतोस ती. एकतीस वर्षं झाली, एल्डन. ही पोरगी भिंतीवर टाकून टाकून भिंतीला भोक पाडेल. आणि तू उभा आहेस तोवर मला मागे वाकावंच लागतं, तुला सोडून कसा जाऊ? माझे गुडघे संपले. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरने फोटो दाखवला, आत काही उरलेलंच नाही."

एल्डनने हातातला चमचा ताटात ठेवला.

"मग मला तसं सांगायचं," एल्डन म्हणाला. "गुडघे गेले म्हणून."

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी थांबला असतास. माझ्यामुळे. आणि मग प्रत्येक मंगळवारी ल्युएलाच्या खिडकीशी उभा राहून माझ्याकडे बघितलं असतंस. ते मला नको होतं."

"म्हणजे मी थांबावं असं तुला वाटत होतं, पण तुझ्यासाठी थांबू नये."

"हो."

"आणि म्हणून माझ्या सापळ्यावर गाठ."

"मग कुठे मारू? चेंडूवर?" हार्लन पहिल्यांदाच वर बघून म्हणाला. "अरे, माणसाला जागा सोड म्हणून सांगायची मला तेवढी एकच तऱ्हा येते. बापाने तीच शिकवली."

वेंडेल हसू दाबत होता. त्याला ते जमलं नाही, आणि मग मागच्या टेबलावर कुणालातरी हसू फुटलं. ल्युएला हसली नाही. तिने भावाच्या ताटात काळ्या पावाचा एक तुकडा ठेवला आणि म्हणाली, "मला सांगायचं होतंस, गाढवा."

"तुला सांगितलं की त्याला कळणार."

"तेच तर हवं होतं ना तुला?"

हार्लनने पावाचा तुकडा बीन्समध्ये बुडवला. एल्डनला राग आला होता, पण नेमका कशाचा ते ठरेना. चार दिवस उगाच संशयात घालवल्याचा, की आपले चेंडू खाडीत जात होते हे सगळ्या गावाला दिसत होतं आणि आपल्याला नाही, याचा? की सत्तावीस वर्षांत एकदाही मागे वळून हार्लनला विचारलं नाही, याचा?

"तीन फासांचा अर्थ काय?" त्याने शेवटी विचारलं.

"दोन तुला कळले नाहीत म्हणून तीन मारले."

पुढच्या मंगळवारी एल्डनने चेंडू ट्रिनाच्या हातात दिला. काहीतरी मोठं, शोभेलसं बोलायचं त्याने ठरवलं होतं, सकाळी होडीवर ते मोठ्याने म्हणूनही बघितलं होतं. प्रत्यक्षात तो म्हणाला, "शिवणीवर बोटं धर," जे तिला बाराव्या वर्षापासून माहीत होतं.

"हो, कप्तान," ती म्हणाली. "तुम्ही कुठे उभे राहणार?"

हे त्याने ठरवलंच नव्हतं. तो पहिल्या बेसकडे दोन पावलं गेला, परत फिरला, उजव्या कोपऱ्यात जाऊन बघितलं, तिथे आधीच कुणीतरी होतं. मग तो बेंचवर हार्लनशेजारी येऊन बसला. एकतीस वर्षांत आपला संघ चेंडू टाकत असताना मैदान त्याने बाजूने पाहिलंच नव्हतं. सगळंच चुकीच्या जागी दिसत होतं, प्लेट फार लांब, खाडी फार जवळ.

ट्रिनाचा पहिला चेंडू सुटला, वर गेला, थांबल्यासारखा झाला आणि उतरला. पलीकडच्या बंदराचा माणूस हवेत बॅट फिरवून गोल वळला. नवा कॅचर, वेंडेलचा धाकटा भाऊ, चेंडू शोधत उजवीकडे गेला आणि चेंडू डावीकडे घरंगळला. हार्लन सवयीने उठला, गुडघ्यात कळ आली, तो परत बसला.

"वाकायला शिकला पाहिजे," हार्लन म्हणाला.

"शिकेल."

ल्युएलाने खिडकीतून दोघांना एकेक मासा-पाव पाठवला. एल्डनने खाल्ला, पूर्ण.

"उद्या सकाळी मी सापळे खडकावर परत नेतोय," तो म्हणाला. "तुझ्यामुळे हलवले, तू येणार आहेस. दोर मी ओढतो. तू सुकाणू धर, उभा राहून. वाकावं लागणार नाही."

"किती वाजता?"

"पाच."

"लोणचं घेऊन येऊ?"

"गोड असेल तर नको," एल्डन म्हणाला, आणि समोर ट्रिना दुसरा चेंडू टाकायला हात मागे नेत होती तेव्हा त्याचा स्वतःचा हातही गुडघ्यावरून थोडा मागे गेला. त्याने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.