पाय कापलेलं टेबल

तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, आणि कुठं बसून जेवतं? थांबा. लगेच "आमच्यात तसलं काही नाही" म्हणू नका. मीही तेच म्हणत होतो. चौदा वर्षं म्हणत होतो, आणि ज्या घरात जेवून म्हणत होतो, त्याच घरची बाई शेवटची दोन वर्षं ओट्याशी उभी राहून जेवत होती.

ती बाई म्हणजे सखूबाई. शिनोलीच्या पुढं, भीमाशंकरच्या रस्त्याला डोंगराच्या अंगाला त्यांची वाडी. नवरा सावळेराम, भाताची चार खाचरं, मुलगा गोरख एसटीत कंडक्टर, सून रत्ना अंगणवाडीत. सखूबाईची उंची साडेचार फूट, त्यात अंबाडा धरला. पण घोडेगावला तहसील कचेरीपुढं रेशनसाठी बसलो, तेव्हा साहेब म्हणाला, "उद्या या." बाकीचे उठायला लागले. ही म्हणाली, "उद्याची भाकर आजच आणलीया. हितंच बसते." साहेबानं संध्याकाळच्या आत कागदावर सही केली.

मी कार्यकर्ता. शाळा सातवीत सुटली, कायदा मी पोलिसांशी भांडता भांडता शिकलो. कुणासमोर मान खाली घातली नाही, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. त्या वाडीत बैठक असली की माझं जेवण सखूबाईकडं. पंगतीत बसून मी बाईमाणसाच्या हक्कावर बोलायचो आणि मधेच म्हणायचो, "वहिनी, कालवण वाढा."

दोन हजार एक साली तिचे गुडघे गेले. चाळीस पावसाळे चिखलात वाकून लावणी केली, दुसरं काय होणार? खाली बसता येईना. बसलं तर उठवायला दोन माणसं लागायची. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, गुडघा बदलावा लागेल. तेव्हापासून घर खाली पंगतीला आणि ही ओट्याशी उभी. दोन वर्षं! आणि मला ते दिसलं नाही. मला रत्नानं सांगितलं. "भाऊ, सगळ्या तालुक्याचं तुमी बघता. आमच्या आत्याबाई उभ्यानं जेवतात, तेवढं बघा की."

गोरखला मी झाडला. तर तो म्हणतो, "टेबल आणलं व्हतं की, भाऊ! तिलाच न्हाई आवडलं." आणलं होतं खरं, मंचरहून. चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि सनमायकाचं टेबल, पाय काडीसारखे. सखूबाईनं नाचणीची भाकरी ताटात घेतली, हुलग्याचं कालवण ओतलं आणि कुस्करायला तळहाताचा दाब दिला. टेबल हललं, तांब्या आडवा, पाणी सावळेरामाच्या धोतरावर. गोरख म्हणाला, "आये, हळू कुस्कर."

"हळू कुस्कराया ती भाकर हाय का बिस्कूट?" म्हणून ही परत ओट्याशी. टेबलावर टीव्ही बसला.

"नवं नगंच मला," ती मला म्हणाली. "जुनं बघा. सागाचं, जड. दाबलं तर हललं न्हाई पायजे."

आता मोर्चा काढायचा सोडून मी टेबल निवडत हिंडू? पण चौदा वर्षांचं जेवण अंगावर होतं. निघालो.

पहिला फेरा नारायणगावला. जुनं फर्निचर पॉलिश करून विकणारं दुकान. मी माझ्या परीनं लाकूड ठोकून बघतोय, तेवढ्यात सखूबाईनं खुर्ची ओढली, फडकं सोडलं, भाकरी काढली, स्टीलच्या डब्यातलं कालवण ताटलीत ओतलं आणि दिला दाब. कालवणाचा थेंब पॉलिशवर.

दुकानदार धावत आला. "मावशी, हे शोरूम हाय! खाणावळ न्हाई!"

"मंग टेबल कशाला ठिवलंस? जेवायलाच ना?"

"आवो, पण विकत घेतल्यावर जेवा!"

"विकत घेतल्यावर न्हाई जमलं, तर तू येनार हाईस का उभ्यानं जेवायला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार गिऱ्हाइकं हसत होती. मी म्हणालो, "वहिनी, घरी चला." ती म्हणाली, "बैलजोडी घेताना दात बघत्यात का न्हाई? मंग?" ते टेबल उंच निघालं. तिचा कोपर पार खांद्याच्या उंचीला जात होता. उंचावर ठेवलेल्या ताटात भाकरी कुस्करता येत नाही, कारण दाब वरून यावा लागतो. हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं, कारण माझं ताट कायम जमिनीवर होतं.

दुसरा फेरा जुन्नरला, गेणूशेठच्या वखारीत. पडलेल्या घरांचे खांब, दारं, पलंग, आरामखुर्च्या, सगळ्यावर बोटभर धूळ. मागं एक टेबल होतं. सागाचं, काळंभोर, दोन माणसांनाही उचलेना. गेणूशेठ म्हणाला, "इंग्रज साहेबाच्या काळातलं हाय." त्याच्याकडं सगळंच साहेबाच्या काळातलं असतं, बादलीसुद्धा.

पण ते टेबल आधीच एका पुण्याच्या माणसानं धरलं होतं. त्याला फार्महाउसवर ठेवायला अँटिक डायनिंग टेबल हवं होतं. पँट वर ओढत तो बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरला. आम्ही उभे. दहा मिनिटं उभे. गुडघे गेलेली बाई उभी आहे, याचं कुणाला काही? शेवटी मीच एक आरामखुर्ची तिच्यामागं आपटली.

तो खालून ओरडला, "चौथा पाय नंतरचा आहे! तीन कातीव आणि हा साधा. शेठ, हे ओरिजिनल नाही."

"पाय तर मोडतोच, साहेब," गेणूशेठ म्हणाला.

"मग मला नको."

आरामखुर्चीतून सखूबाई म्हणाली, "मला चालतं. माझा बी बदलायचा म्हणतोय डॉक्टर."

गेणूशेठ असा हसला की सौदा तिथंच झाला. तिनं ताबडतोब भाकरी सोडली. दाब दिला. टेबल ढिम्म. दोन्ही हातांनी दिला, तरी ढिम्म. पण हेही उंच होतं. तिनं कालवणाचं पिवळं बोट पायाला लावलं. "हितनं कापा. चार बोटं."

आता पुण्याचा माणूस मधे पडला. नको म्हणालेला, पण मधे पडला! "अहो आजी, कापू नका! शंभर वर्षांची वस्तू आहे, किंमत जाईल तिची."

"किंमत कुनाला करायचीया, दादा? मला जेवायचंय."

गेणूशेठही हात जोडायला लागला. सुतार जेवायला गेलाय, उद्या बघू, सागाला करवत लावायचं पाप नको. "उद्या" हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. मी भिंतीवरची करवत काढली. वखारीतल्या माणसांना हाताशी घेऊन टेबल उलटं केलं आणि लागलो कापायला. तीन पाय चोख कापले. चौथ्याला तो पुण्याचा माणूस मला वारसा म्हणजे काय ते शिकवू लागला. मी त्याच्याशी भांडत भांडत कापला. टेबल सरळ उभं केलं तर लंगडं! चौथा पाय दोन बोटं जास्त गेला होता. सखूबाईनं नुसतं बोट टेकवलं, डुगडुग झाली. जे नको म्हणून दोन तालुके हिंडलो, तेच मी माझ्या हातानं करून ठेवलं.

तेवढ्यात सुतार आला, चिमाजी, तोंडात तंबाखू. "कुनी केलं हे?"

"कार्यकर्त्यानं," गेणूशेठ म्हणाला.

"मंग बराबर हाय."

चिमाजीनं दोरी लावली, बाकीचे तीन पाय चौथ्याला जुळवले. आता चाराची सहा बोटं गेली होती. मी म्हणालो, "वहिनी, माफ करा. तुमचं माप मी बिघडवलं."

ती बसली. भाकरी कुस्करली. कोपर सरळ, खांदा खाली, घास तोंडात गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा बसून खाल्लेला घास. मग हळूच म्हणाली, "आता जमलं, भाऊ. सहाच पायजे व्हती."

"मग चार का सांगितली?"

"दुसऱ्याची वस्तू. लई कसं मागायचं?"

मी कपाळावर हात मारला. तहसीलदाराला घाम फोडणारी बाई! स्वतःसाठी मागायचं आलं, तर दोन बोटं आधीच सोडून देते!

टेम्पोतून टेबल वाडीला गेलं. रात्रीचं जेवण त्यावरच करायचं ठरलं. सावळेराम खुर्चीवर मांडी घालून बसला, कारण पाय खाली सोडून अन्न गोड लागत नाही म्हणे. गोरख बसला. रत्ना बसली. मंचरच्या खुर्च्या चार, माणसं पाच. चौथ्या खुर्चीवर कोण बसलं असेल? मी बसलो. सवयीनं. ताट पुढं ओढलं आणि म्हणालोसुद्धा, "वहिनी, कालवण वाढा."

सखूबाई ओट्यापाशी होती. हातात पळी. मला वाटलं, येईल वाढायला. ती आली, पळी ताटाशेजारी ठेवली.

"भाऊ, उठा. ती माझी जागा हाय."

सावळेराम गडबडला. "आगं, पावणं हायेत ते."

"पावणं चौदा वर्षं बसल्यात."

माझ्या कानशिलात कुणी मारली असती, तर मी परत मारली असती. इथं मी उठलो. ती बसली, पदर खोचला, आणि असा दाब दिला की मंचरचं टेबल असतं तर मोडलं असतं. ते हललं नाही. गोरखला म्हणाली, "पानी तुझं तू घे." आणि जेवली. सावकाश जेवली, दुसरी भाकरी मागून जेवली.

मी ओट्याशी उभा राहून जेवलो. एका हातात ताट, दुसऱ्या हातानं कुस्करायचं, दाब द्यायचा कुठं? अर्धी भाकरी कोरडीच खाल्ली.

तर आता माझं ऐका. घरासाठी टेबल घ्यायला जाल, जुनं घ्या नाहीतर नवं घ्या, लाकूड मागाहून बघा. घरात जी शेवटी जेवते, तिला आधी सोबत न्या. तिला दुकानात बसवा, भाकरी कुस्करायला लावा, दुकानदार ओरडला तर ओरडू द्या. आणि ती म्हणाली, "चालंल, चार बोटं कमी केलं तरी भागंल," तर करवत लगेच उचलू नका. तिला पुन्हा विचारा.