भैयाजींनी उचललेला भंडारा

भैयाजी सभासदाच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सभासद म्हणजे आपल्याकडचा नगरसेवक. त्यांच्याबद्दल लिहावं की नाही, हे माझं बरेच दिवस ठरत नव्हतं. माणूस वाईट होता, असं मला आजही एका दमात म्हणता येत नाही.

लखनऊत कानपूर रोडवर, सरोजिनी नगरच्या अलीकडे त्यांची पंपांची फौंड्री होती. ती काढली त्यांच्या वडिलांनी. त्यांना सगळे मोठे बाबूजी म्हणत. ओतकाम येणारी माणसं हवीत म्हणून मोठे बाबूजी स्वतः कोल्हापूरला आले आणि आमच्या आप्पांना घेऊन गेले. मुलाला इतक्या लांब पाठवण्याआधी आजोबांनी देवापुढं मोठ्या बाबूजींच्या हातावर भंडारा ठेवला. आमच्याकडे भंडारा, म्हणजे देवाची हळद, उचलून दिलेला शब्द कुणी मोडत नाही. निवडणुकीत मतंसुद्धा अशीच पक्की करतात. मोठ्या बाबूजींनी भंडारा उचलून राहायला घर देण्याचा शब्द दिला आणि तो पाळला. फौंड्रीच्या आवारातल्या त्या क्वार्टरमध्येच माझा जन्म झाला.

मोठे बाबूजी वारल्यावर कारभार भैयाजींकडे आला. ते कुणाला तोडून बोलत नसत. आईच्या हातचा ठेचा डबा पाठवून कोठीवर, म्हणजे त्यांच्या बंगल्यावर, मागवत आणि खाताना डोळ्यांतून पाणी आलं की म्हणत, ‘‘भाभीजी ने आज दुश्मनी निकाली है.’’ मला कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी भट्टीपाशी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. आमच्या घरात कॉलेजपर्यंत कुणी गेलेलं नव्हतं. मला वाटलं, यांना त्याचं खरंच अप्रूप आहे. कदाचित असेलही.

पण भट्टी आता रोज पेटत नव्हती. बाहेरून स्वस्त पंप येऊ लागले होते. फौंड्रीची जमीन विकणार, क्वार्टर पाडणार, असं लोक बोलू लागले. आप्पांनी गावचं घर कधीच धाकट्या भावाला देऊन टाकलं होतं. हे क्वार्टर गेलं तर आम्हाला जायला जागा नव्हती.

अशातच एका संध्याकाळी भैयाजी प्रचाराला आमच्या दारात आले.

‘‘मिस्त्री, इस बार इज़्ज़त का सवाल है.’’

‘‘इज़्ज़त तो आपकी है ही भैयाजी,’’ आप्पा म्हणाले. ‘‘हमारे क्वार्टर का क्या?’’

‘‘अरे यार, क्वार्टर तुम्हारा है. मेरे रहते कौन हटाएगा?’’

आप्पा उठले आणि देवाजवळची पितळी डबी घेऊन आले. मी ओशाळले. एवढ्या मोठ्या माणसाला असं काही करायला लावायचं का? पण भैयाजींनी डबी पाहिली आणि कुणी न सांगता बूट काढले.

‘‘हाँ भई, ये तो बाबूजी ने भी उठाया था. बचपन से सुनता आया हूँ.’’

त्यांनी उजवा हात पुढे केला, भंडारा घेतला, मूठ मिटली आणि परत म्हणाले, ‘‘क्वार्टर तुम्हारा.’’ मग तो कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी युनियनचे सेक्रेटरी आप्पांना म्हणाले, ‘‘मिस्त्री, स्टाम्प पेपर पर लिखवा लो. हल्दी कचहरी में नहीं चलती.’’

‘‘तुम्हारे यहाँ नहीं चलती होगी,’’ आप्पा हसले.

आई मात्र हसली नाही. ‘‘कागद करून घेतला तर काय देव रागावतोय व्हय?’’

‘‘अगं, त्यांनी आपण होऊन बूट काढले. आणखी काय पाहिजे?’’

मग आप्पाच डबी घेऊन क्वार्टर-क्वार्टर फिरले आणि भैयाजींसाठी एकेकाकडून भंडारा उचलून घेतला. बाकीचे कामगार उन्नाव-रायबरेलीकडचे. ते चेष्टा करत, ‘‘काहे मिस्त्री, किसकी शादी है?’’ तरी आप्पांचा शब्द कुणी खाली पडू दिला नाही. मला भैयाजींच्या जीपमध्ये पुढे बसवलं होतं. प्रत्येक गल्लीत ते म्हणत, ‘‘ये हमारे क्वार्टर की बिटिया है, बी.ए. में पढ़ती है.’’ बायका पदर सावरत मला बघायला येत. मला फार अभिमान वाटायचा.

ते निवडून आले. मिरवणूक सगळ्यांत आधी आमच्या आवारात आली. त्यांनी आप्पांना मिठी मारली.

थंडी सरता सरता काही माणसं टेप आणि चुना घेऊन आली. त्यांनी आवारात पांढऱ्या रेघा ओढल्या. एक रेघ आमच्या मोरीच्या मधून गेली. आई भांडी घासत होती. तिला कुणी उठायलाही सांगितलं नाही. विचारल्यावर एकजण म्हणाला, ‘‘प्लॉट कट रहे हैं, आंटी. होली के बाद खाली करना है.’’

आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून मला घेऊन कोठीवर गेले. व्हरांड्यात भेटायला आलेली माणसं दाटीने बसली होती. भैयाजींनी आम्हाला लगेच जवळ बोलावलं, चहा मागवला. त्यांच्या आवाजात काहीच बदललं नव्हतं.

‘‘भैयाजी, वो चूना...’’ आप्पा म्हणाले. ‘‘आपने भंडारा उठाया था.’’

‘‘मिस्त्री, वो तो पूजा की बात थी. पूजा अपनी जगह, कारोबार अपनी जगह.’’

‘‘बड़े बाबूजी ने...’’

‘‘बाबूजी का ज़माना बाबूजी के साथ गया.’’ आजूबाजूचे काहीजण हसले. मग ते माझ्याकडे वळले. ‘‘बिटिया, तुम पढ़ी-लिखी हो. समझाओ इन्हें.’’

जीपमध्ये ज्या मायेने ते मला बिटिया म्हणत, त्याच मायेने म्हणाले. मला ते सर्वांत जास्त लागलं. मला खूप बोलायचं होतं. ‘तुम्हाला सगळं ठाऊक होतं,’ एवढं तरी. पण चहा आला, कुणीतरी आप्पांच्या हातात कप दिला, आणि भैयाजी दुसऱ्या माणसाशी बोलू लागले. आप्पांनी कप तसाच कठड्यावर ठेवला.

फाटकाबाहेर आल्यावर ते थांबले. माझ्या जन्माच्या आधीपासून ते लखनऊला राहत होते. त्यांची हिंदी माझ्यापेक्षा चांगली होती. तरी त्यांनी मला विचारलं, ‘‘काय म्हणाले गं ते?’’

मी मराठीत सांगितलं, ‘‘आप्पा, क्वार्टर गेलं.’’

त्यांनी मान हलवली. थोडं चालून झाल्यावर म्हणाले, ‘‘आईला तूच सांग.’’