चांगल्या कागदावरचं भांडण

नवं पुस्तक हाती आलं की मी आधी वास घेते, मग पाठीवरून हात फिरवते आणि मग ते नवऱ्याच्या नजरेआड करते. लग्नाला चाळीस वर्षं झाली, तरी कपाटातली सगळी पुस्तकं माहेरची आहेत असंच त्याला वाटतं.

तेवढाच जीव कागदावर. जाडसर, सायीच्या रंगाचा, शाई न फुटणारा. नागपूरच्या ज्या दुकानातून आणायची, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. माझ्याकडे एकच कागद उरला होता. कधीतरी काहीतरी मोठं लिहीन म्हणून शब्दकोशात दाबून ठेवलेला. "एखाद्या दिवशी याच्यावर भजेच निथळवतो," नवरा म्हणायचा. हात तर लावून पाहा म्हणावं!

माझी मैत्रीण कोंढा गावची. पवनीच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो, तेव्हापासून पुस्तकं एकमेकींना द्यायचो. वाचायची माझ्याहून जास्त, पण कागदाच्या बाबतीत बाई महाचिक्कू. लग्नपत्रिकेची पाठ कोरी दिसली की तिच्यावर चिठ्ठी लिहायची.

तीन वर्षांपूर्वी तिनं माझं सगळ्यात लाडकं पुस्तक परत केलं, तर मुखपृष्ठावर भाजीच्या गंजाचा, म्हणजे पातेल्याचा, काळा गोल!

"हे काय वो?"

"चुलीवरून गंज उतरवला, हाताशी तेच होतं. आतलं एक अक्षर तरी जळलं काय? मंग वाचाले काय झालं तुले?"

"आजपासून तुझं-माझं काही नाही."

"नाही तं नाही."

दोघीही शब्दाच्या पक्क्या. बाजारात ती दिसली की मी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या निवडत बसायची, ती वांगी.

यंदा थंडीत बाजारातच तिची नणंद भेटली. म्हणाली, वहिनी आता रायपूरला लेकीकडं चालल्या, कायमच्या. हातातली जुडी तशीच ठेवून घरी आले. फोन करता आला असता, पण फोनवर माझं तोंड आधी सुटतं आणि डोकं मागून येतं. शब्दकोश उघडला.

आधी जुन्या वहीत कच्चं लिहिलं. चार पानं झाली. गंजापासून सुरुवात करून सहावीत तिनं मोडलेल्या कंपासपर्यंत सगळं काढलं. एवढं एका कागदावर कसं मावणार? कंपास खोडला. 'निर्लज्ज' हा शब्द अशा कागदावर लिहायला हात धजेना, तोही खोडला. तिसऱ्या खेपेला गंजही गेला. उरलं एवढंच: "तू चालली म्हणे. तीन वर्षांत लई पुस्तकं वाचली, एकाचंही कोणाले सांगता आलं नाही. भेटून जा." लिहिताना रडले. कागद मात्र लांब धरला.

पत्र टाकल्यावर आठव्या दिवशी पाकीट आलं. उघडलं, तर आत माझाच कागद. माय वो, हिनं वाचून परत केला! मी तो खाटेवर टाकला. नवरा आला, त्यानं कागद उचलला आणि म्हणाला, "अवो, पलटवून तं पाह्य."

पाठीमागं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, बॉलपेननं, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं. "एवढा मस्त कागद, अन् पाठ कोरीच सोडली? काहून, कागदाची फॅक्टरी टाकली काय? मी बी कोणाले सांगू, हे गाव का पुस्तकं वाचते? सोमवारी येऊन राहिली. रायपूरले न्याले पुस्तकं काढून ठेव."

बॉलपेन! माझ्या कागदावर! असं दाबून लिहिलं होतं की तिची अक्षरं माझ्या बाजूनं हाताला लागत होती. त्यावरून कितीदा बोट फिरवलं कोण जाणे.

सोमवारी ती आली. वांग्याची भाजी झाली, रडणं झालं, थोडं भांडणही झालं. निघताना मी तिच्या पिशवीत ते काळ्या गोलाचं पुस्तक घातलं.

"हेच काहून?" ती म्हणाली.

"हे देलं नाही तुले. उसनं आहे. वापस आणून द्याचं, अन् तूच."