न झालेलं ऑपरेशन

विमा कंपनीत टेबलाशी बसून वर्षानुवर्षं कागद तपासल्यावर, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मला पहिल्यांदाच बाहेर तपासाला पाठवलं. कारण सोपं होतं. पनवेलच्या एका दवाखान्याकडून, एकाच कारखान्यातल्या कामगारांच्या अकरा बायकांची अपेंडिक्स काढल्याची बिलं आली होती. आता बायकांची पोटं बघायला पुरुष साहेब जाणार कसे? कागद चोख होते, शिक्केही चोख. म्हटलं, शिक्का कुणीही मारेल, टाके कोण घालणार? मला असा हुरूप आला होता की सकाळचा डबाही घरीच विसरले.

कळंबोलीत पहिल्या तीन घरी चहा झाला, गप्पा झाल्या आणि तिन्ही पोटांवर टाक्याची खूण सापडली नाही. एकीने तर सांगूनच टाकलं: दवाखान्याचा एजंट कारखान्याच्या गेटवर नवऱ्यांच्या सह्या घेतो आणि मिळालेल्या पैशांत वाटा देतो. मी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले.

चौथं घर रोडपालीला. बाई खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, अंगात ताप. नवरा म्हणाला, "दोन दिवस असंच चाललंय, मॅडम. डॉक्टर म्हणतात पित्त आहे."

"अपेंडिक्स नसेल ना?"

"छे, ते गेल्या दिवाळीतच काढलंय. डॉक्टरांनाही तेच सांगितलं," तो माझ्या फायलीकडे बघत म्हणाला.

त्याला बाहेर घालवून मी दार लावलं. तिने निऱ्या सैल केल्या. खूण नव्हतीच. सांगायला लाज वाटते, पण मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चौथा पुरावा हाती लागला होता. मी उभ्या उभ्या लिहायलाच घेतलं.

"बाई, लिवता काय?" ती कण्हत म्हणाली. "मला सोसत नाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टाके नाहीत म्हणजे अपेंडिक्स अजून आतच आहे. खोटी सही उघडी पडू नये म्हणून या शहाण्याने डॉक्टरलाही खोटंच सांगितलं होतं. मी त्याच्यावर अशी खेकसले की शेजारी गोळा झाले. त्यांनीच रिक्षा आणली. पनवेलच्या सरकारी रुग्णालयापर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी रिक्षावाल्याला एकेक खड्डा दाखवत होते.

सर्जनने तिचं पोट दाबून पाहिलं. "अपेंडिक्स आधी काढलंय का?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नाही काढलं," तो म्हणाला. "मी फक्त फॉर्मवर सही केली."

तिला लगेच आत नेलं. सर्जन बाहेर येऊन धोका टळल्याचं सांगेपर्यंत तो भिंतीला टेकून उभाच होता. मग हळूच म्हणाला, "मॅडम, माझी नोकरी जाईल?"

"जाईल बहुतेक," मी म्हणाले. "पण बायको वाचली."

त्याने मान हलवली, माझ्याकडून कागद मागून घेतला आणि सगळ्यात वर एजंटचं नाव लिहिलं.